टिकली बुडाला टेकली पाहिजे

माझी बायको जूनमध्ये, मंगळवारी गेली. सकाळी ती शाळेत गेली. दुपारी शाळेतून फोन आला. संध्याकाळी आम्ही तिला अमरधामला नेले.

ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि मी महाविद्यालयात ग्रंथपाल. बाजारातून येताना पिशव्या तिच्या हातात असायच्या आणि जिना चढताना दम मला लागायचा. पाहणाऱ्यांना त्यात काही चुकल्यासारखे वाटे. आम्हाला वाटत नसे. निदान मला तरी वाटत नसे, कारण पिशव्या माझ्या हातात नव्हत्या.

जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांमध्ये धावण्याच्या शर्यती सोडायचे काम अनेक वर्षे तिच्याकडे होते. त्यासाठी तिचे स्वतःचे पिस्तूल होते. खरे तर ते सहा घरांची चक्री असलेले रिव्हॉल्व्हर, पण मैदानावर सगळे त्याला पिस्तूलच म्हणत. नळी पुढून बुजवलेली. त्यातून बाहेर पडायचा तो फक्त आवाज आणि थोडा धूर. चक्रीच्या प्रत्येक घरात तांब्याची एक टिकली बसवायची. टिकली म्हणजे मसुराच्या डाळीएवढी वाटी, तिच्यात कणभर दारू. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटतो, आवाज होतो, मुले सुटतात.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून टिकल्या बसवी. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत असे. मी समोर बसलेला असे, या एवढ्याच गोष्टीचा पुढे मी फार गैरफायदा घेतला.

दिवाळी झाल्यावर स्पर्धांचे संयोजक घरी आले. दुसऱ्या शाळेतले खेळशिक्षक, तिच्याहून वयाने लहान, तिला बाई म्हणायचे. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात काही उरले नव्हते.

"सर, रागावू नका. बाईंचं पिस्तूल… स्पर्धा आल्यात."

न्या की, एवढेच मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "पण भरणार कोण?"

"तेच तर! बाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मागं एकदा मी भरलं, तर सहातल्या दोन वाजल्या. बाई म्हणाल्या, तुम्ही आपली शिट्टीच वाजवा, तीत दारू भरावी लागत नाही."

मला हसू आले. पाच महिन्यांनंतर तिचे एक नवे वाक्य माझ्या कानावर पडले होते. घरात तिचे जेवढे बोलणे होते ते मला पाठ झाले होते. बाहेर अजून काही शिल्लक असेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मैदानावर तर ते ढिगाने असणार. आणि पिस्तूल एकटे गेले तर ते बोलणे मला कोण आणून देणार?

"मला येतं भरायला," मी म्हणालो. "पंचवीस वर्षं बघतोय. शर्यतीही मीच सोडीन."

संयोजकांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी शाल पांघरून बसलो होतो.

"बरं, सर," ते म्हणाले. शोकात असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, याचाही मी फायदा घेतला.

ग्रंथपालाला एखादी गोष्ट येत नसली की तो आधी तिचे कार्ड करतो. मी कार्ड केले. वर लिहिले, 'टिकली बसवणे', आणि खाली लिहायला काहीच नसल्यामुळे ते तसेच टेबलावर ठेवले. मग चिमट्याने टिकल्या उचलून चक्रीच्या घरांत ठेवल्या आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबल्या. चक्री जागेवर बसवली, गॅलरीत गेलो, हात वर केला आणि डोळे मिटून चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला. टक्. तिसऱ्यांदा मात्र असा आवाज झाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरे उडाली आणि माझा चष्मा नाकावरून खाली आला. सहापैकी दोन वाजल्या. संयोजकांची आणि माझी बरोबरी झाली. थोड्याच वेळात इमारतीच्या ग्रुपवर निरोप आला: 'कृपया संबंधितांना दिवाळी संपल्याचे कोणीतरी कळवावे.' मी त्याला अंगठा दिला, म्हणजे संबंधित मी नव्हे असे वाटावे.

उरलेल्या चार मी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढून पाहिल्या आणि त्या वाजल्या. यावरून मी निष्कर्ष काढला की पावसाळ्यात टिकल्या सर्द झाल्या आहेत, रात्रीतून त्या थोड्या सुकल्या. म्हणून सगळा डबा गॅलरीत एका ताटात पसरून उन्हात ठेवला. वर जाळीदार झाकण घातले, कबुतरांसाठी.

ते ताट खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पाहिले. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ती गेल्यापासून ते दोन-तीन दिवसांनी वर येत, "जय भीम, सर" म्हणून खुर्चीवर बसत, आणि मी बोललो नाही तरी त्यांचे काही अडत नसे. त्या दिवशी ते बसले नाहीत.

"सर, हे काय वाळत घातलंय?"

"टिकल्या. सर्द झाल्यात."

"अहो, पापड हायेत का ते? दारू हाय तिच्यात! आधी सावलीत घ्या." त्यांनी स्वतःच ताट आत आणले, दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला आणावे तसे. मग विचारले, "सर्द झाल्यात हे कुणी सांगितलं?"

मी माझा निष्कर्ष सांगितला. पहिल्या ठोक्याला वाजत नाहीत, दुसऱ्याला वाजतात.

"मग सर्द कशा? सर्द असत्या तर दुसऱ्यालाबी नसत्या वाजल्या."

हे इतके सरळ होते की माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला सुचणे शक्यच नव्हते.

त्यांनी चक्री हातात घेतली, खिडकीशी नेली. "ही बघा. टिकली बसलीच नाय. वर ऱ्हायलीय. बुडाला टेकली पाहिजे. पहिला ठोका तिला खाली बसवण्यातच जातो, मग दुसऱ्याला वाजते. तुमचं काम घोडा करतोय, सर."

"मी दाबली होती."

"कशानं?"

मी पेन्सिल दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. "बाई कशानं दाबायच्या?"

मला माहीत नव्हते. पंचवीस वर्षे मी समोर होतो आणि मला माहीत नव्हते. मला तिची बोटे आठवत होती, टॉवेल आठवत होता, वर्तमानपत्रातले मथळेही आठवत होते. शेवटी त्यांनीच विचारले, एखादी दांडी वगैरे आहे का घरात, चपट्या टोकाची? तेव्हा मला स्वयंपाकघरातला खण आठवला. जूनमध्ये आवराआवर करताना लाकडी मुठीची एक पितळी दांडी मला टेबलाच्या खणात सापडली होती. गॅसच्या शेगडीचे काहीतरी असावे म्हणून मी ती झारे-उलथन्यांत टाकली होती. मध्यंतरी एकदा त्या दांडीने मी बर्नरही साफ केला होता.

"वा!" फिटर म्हणाले. "हे लेथवरचं काम हाय. टोक बघा कसं काढलंय." आणि मग मला आठवले, सातपूरला कारखान्यात लागलेला तिचा एक जुना विद्यार्थी दरवर्षी पेढे घेऊन यायचा. त्याने एकदा कागदात गुंडाळून काहीतरी दिले होते. पेढे कसे होते ते मला अजून आठवते.

फिटरांनी टिकली घरावर सरळ ठेवली. ठोकली नाही. दांडी टेकवून हळूहळू जोर दिला आणि थांबले. "बूड लागलं. कळतं हाताला. आता चक्री अर्धी फिरवायची, पुन्हा एकदा दाबायची. एका अंगानं बसली असंल तर दुसऱ्या अंगानं बसते. आणि मग हे." त्यांनी अंगठ्याचे पेर चक्रीच्या पाठीवरून फिरवले. "अंगठ्याला लागली तर वर हाय. नाय लागली तर बसली. आणि वर ऱ्हायली तर चक्रीबी जड फिरते, घासते. आम्ही तीस वर्षं बेअरिंगा बसवल्या. बसली का नाय ते डोळ्याला नाय कळत, बोटाला कळतं."

मी खुर्चीवर बसलो. ती हेच करायची. सहाही टिकल्या बसवून झाल्या की चक्री हातात धरून माझ्याकडे बघत बोलायची, उद्या भाजी काय करायची, गावाला कधी जायचे, आणि तिचा अंगठा चक्रीच्या पाठीवरून फिरत असायचा. मला वाटायचे की तिचा त्या पिस्तुलावर जीव आहे. थोडा मत्सरही वाटायचा. ती टिकल्या तपासत होती. माझ्याशी बोलतही होती, पण अंगठा कामावर होता.

पुढचे तीन आठवडे मी संध्याकाळी टॉवेल पसरून बसू लागलो. पहिल्या आठवड्यात तीन वाजल्या, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा. इमारतीच्या ग्रुपवर फिटरांनीच कळवून टाकले: 'सर बाईंचे काम शिकत आहेत. सहन करावे.' कुणी काही लिहिले नाही. मी कार्ड पूर्ण केले, सात सूचना, क्रमवार. फिटरांनी ते वाचून पाहिले.

"चांगलं लिहिलंय. पण कार्ड कशाला? बोटं हायेत ना?"

स्पर्धेचा दिवस डिसेंबरातला. निफाडचा पारा घसरल्याची बातमी होती आणि आमच्याकडेही बसच्या खिडकीला हात लावला तर तो मागे घ्यावासा वाटत होता. पिस्तूल पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि वरच्या खिशात संयोजकांच्या सहीचे पत्र की हे शर्यतीचे पिस्तूल आहे. वाहकाने तिकिटाचे विचारले तेव्हा मी त्याला ते पत्र दिले. त्याने ते वाचले आणि म्हणाला, "बरं. पण जायचं कुठं?"

मैदानावर मी माकडटोपी आणि लोकरीचे हातमोजे घालून उभा होतो. संयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की आज शर्यती आपल्या बाईंचे यजमान सोडणार आहेत. टाळ्या झाल्या. मला ते आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळच्या फेऱ्या झाल्या आणि घरी भरून आणलेल्या सहाही टिकल्या पहिल्या ठोक्याला वाजल्या. मोजे काढून पुन्हा भरल्या, पुन्हा सहा. लोक म्हणू लागले, बाईंचं पिस्तूल, ते काय चुकतंय? माझ्या छातीत लोकरीच्या आतूनही काहीतरी फुगू लागले.

चहाच्या सुट्टीत तीन-चार तरुण शिक्षक माझ्याभोवती जमले. त्यांना तिच्या आठवणी सांगायच्या होत्या. मी त्याच ऐकायला आलो होतो. एक जण म्हणालाही, "बाई एकदा सटाण्याला काय झालं होतं माहितीये का…" आणि मी त्याला थांबवून म्हणालो, "ते राहू द्या, हे बघा." आणि पुढच्या फेरीच्या टिकल्या बसवता बसवता मी त्यांना व्याख्यान दिले. टिकली बुडाला टेकली पाहिजे. पहिला ठोका बसवण्यात वाया जाता कामा नये. बसली की नाही ते डोळ्याला कळत नाही, बोटाला कळते. आणि हे सांगताना मी चक्रीच्या पाठीवरून अंगठा फिरवून दाखवला. हातमोज्यासकट. सटाण्याला काय झाले होते ते मला अजून माहीत नाही.

मुलींची दोनशे मीटरची अंतिम शर्यत होती. पाचव्या पट्ट्यात सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेची मुलगी होती. तिच्या बाईंनी मघाशी चहाच्या वेळी मला सांगितले होते: पहिल्या दोघी विभागीयला जाणार, तिथे चांगली पळाली तर खेळाच्या वसतिगृहात जागा, शिक्षण आणि जेवण तिथेच. "आणि नाही झालं, तर पुढच्या वर्षी ही आईबापांबरोबर द्राक्षाच्या बागेत. दहावीला आहे. हे शेवटचं वर्ष." मुलीने बूट काढून बाईंकडे दिले, मातीत पाय घासले आणि रेषेवर वाकली.

मी हात वर केला. चाप ओढताना चक्री जरा जड फिरली. ते मला जाणवले होते. मी ते थंडीवर घातले.

टक्.

ती मुलगी सुटली. बाकीच्या सात जणी जागच्या जागी. दहाबारा पावलांवर तिला कळले की आपण एकटीच पळतो आहोत. ती थांबली, वळली. संयोजकांनी लाल कार्ड वर केले. एका चुकीला बाद, नियम सगळ्यांना माहीत होता.

"वाजलं ना, सर," ती धापा टाकत म्हणाली. "टक् वाजलं."

"टक् नाही ताई, पिस्तूल ठो वाजतं," संयोजक म्हणाले, आणि लोक हसले. मीही हसलो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तिच्या बाई पुढे आल्या. "तिला आवाज आला म्हणतेय. सरांना विचारा."

संयोजकांनी विचारले, "सर, तुम्ही चाप ओढला होता?"

"नाही," मी म्हणालो. "ओढायच्या बेतात होतो."

का म्हणालो? त्या क्षणी मला वाटले की मी तिचे नाव राखतो आहे. बाईंचे पिस्तूल चुकत नाही, असे अख्खे मैदान सकाळपासून म्हणत होते. पण ती त्या मैदानावर नव्हती, मी होतो. आणि तासाभरापूर्वी व्याख्यान मी दिले होते.

मुलगी गवतावर बसून बूट घालू लागली. संयोजक तक्त्यावर तिच्या नावापुढे काहीतरी लिहीत होते. मी उजव्या हाताचा मोजा काढला आणि चक्रीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एक टिकली खोल गेलेली, तिच्या मध्यभागी ठोक्याचा खळगा. आणि तिच्या शेजारच्या दोन वर आलेल्या, चांगल्या टोचतील इतक्या. घरी पहिल्या दिवशीही मी इतक्या वाईट बसवल्या नव्हत्या.

"थांबा," मी म्हणालो.

कुणी ऐकले नाही. तीस वर्षे ग्रंथालयात बोलून माझा आवाज समोरच्या टेबलापलीकडे जाईनासा झाला आहे. मी पुन्हा म्हणालो, "थांबा हो!" बाजूच्या एका मुलीने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. संयोजक दूर निघाले होते. मग मी चक्री हाताने फिरवून, तीच टिकली पुन्हा घोड्यासमोर येईल अशी लावली, हात वर केला आणि चाप ओढला.

ठो.

सगळे मैदान वळले. तिसऱ्या पट्ट्यातली मुलगी सवयीने पळाली आणि तिला ओरडून परत बोलवावे लागले.

"मी ओढला होता," मी म्हणालो. आता सगळे गप्प असल्यामुळे ऐकू गेले. "ही मुलगी सुटली तेव्हाच ओढला होता. टिकली बसली नव्हती. मुलीनं बरोबर ऐकलं. चूक माझी, आणि मघाशी खोटंही मीच बोललो."

संयोजक परत आले. मी चक्री त्यांच्यापुढे धरली. त्यांनी अंगठा फिरवला, उरलेल्या दोन त्यांना लागल्या. त्यांनी माझ्या डाव्या हातातल्या मोज्याकडे पाहिले.

"सर, मघाशी तुम्हीच शिकवत होतात ना?"

"हो."

त्यांनी लाल कार्ड खिशात घातले, तक्त्यावरची ओळ खोडली. मी पिस्तूल त्यांच्यापुढे केले, म्हटले, आता तुम्हीच सोडा. ते म्हणाले, "मला दोनच वाजवता येतात. बसा खाली आणि नीट बसवा. थांबतो आम्ही."

मी मातीत बसलो. दुसराही मोजा काढला. बोटे लाकडासारखी झाली होती. काखेत धरून गरम केली. आठ मुली थंडीत पाय आपटत उभ्या, जमलेले शिक्षक बघत उभे, आणि मी एकेक टिकली सरळ ठेवून, दाबून, चक्री अर्धी फिरवून, पुन्हा दाबत होतो. सहाही झाल्यावर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. कुणी घाई केली नाही. केली असती तर बरे वाटले असते.

पहिल्या ठोक्याला वाजली. सात जणी सुटल्या आणि सुरगाण्याची मुलगी त्यांच्या मागून सुटली. ती आवाजाची खात्री करत राहिली होती. वळणावर ती शेवटची होती. नंतरचे मला नीट दिसले नाही, लांब होते आणि चष्म्यावर वाफ धरली होती. दुसरी आली. तिसरी आणि तिच्यात छातीएवढेच अंतर होते, असे लोक म्हणाले.

तिच्या बाई मला म्हणाल्या, "बाकीच्या एकदाच पळाल्या, सर. ही दोनदा पळाली." त्या रागावून बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

मी मुलीकडे गेलो, म्हणालो, "माझ्यामुळं झालं. माफ कर."

ती अजून वाकून श्वास घेत होती. "आमच्या सरांची शिट्टी पण तशीच हाय," ती म्हणाली. "आधी थुंकी उडते, मग वाजते. मी थुंकीलाच पळते."

विभागीयला ती चौथी आली. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव शेवटून दुसरे होते. संयोजकांनी फोन करून कळवले. त्याच फोनवर मी त्यांना घरी बोलावले आणि दोन रविवार समोर बसवून टिकल्या बसवायला शिकवले. त्यांच्या आता सहाही वाजतात.

शर्यती ते सोडतात. मी शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या मुलांचे क्रमांक लिहितो.